विंडोज नव्याने टाकूनही संगणक पुन्हा पुन्हा बंद पडतो? मेमरीतील दोष असा शोधावा

काम चालू असताना मध्येच निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होतो, दुकानदार विंडोज नव्याने टाकून देतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न, अशी तक्रार पुण्याच्या पेठांमधील डीटीपी कार्यालयांत, सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांत आणि घरून काम करणाऱ्यांकडे सतत ऐकू येते. या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा मेमरी, म्हणजे रॅम, असते. मात्र मेमरी अस्थिर असणे आणि रॅमची पट्टी खराब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील फरक न ओळखल्यामुळेच पट्टी बदलूनही दोष परततो. पट्टी, ती बसवण्याचा स्लॉट, प्रोसेसरच्या पोटातील मेमरी कंट्रोलर, बायोसमध्ये (मदरबोर्डवरील मूळ सेटिंगांच्या प्रणालीत) ठरवलेला वेग व व्होल्टेज आणि एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, येणारी वीज यांपैकी काहीही कच्चे असले, तरी पडद्यावर दिसणारे लक्षण जवळजवळ सारखेच असते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घेऊन आणि निकाल कागदावर लिहून ठेवूनच पुढे जावे. एकाच दिवशी पट्टी, एसएमपीएस आणि विंडोज असे तिन्ही बदलले, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

लक्षणे कशी वाचावीत

मेमरीच्या दोषाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे त्याचा विस्कळीतपणा. एखाद्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खोट असेल, तर संगणक बहुधा ठरावीक काम करताना आणि ठरावीक संदेश देऊन बंद पडतो. मेमरीच्या बाबतीत मात्र एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यांदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तिसऱ्यांदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असे निराळे संदेश येतात आणि त्यांत नाव येणारी फाइलही दर वेळी वेगळी असते. संदेशात ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव दिसले म्हणून त्यालाच दोषी ठरवणे घाईचे होईल. बिघडलेल्या जागेवर त्या क्षणी त्याची माहिती होती, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसीची (फाइल जशीच्या तशी आहे का हे पडताळणाऱ्या आकड्याची) चूक दाखवली जाणे आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडणे, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणे, एखादे सॉफ्टवेअर बसवताना दर वेळी निराळ्या टक्क्यावर अडकणे, याही त्याच जातीच्या खुणा आहेत.

यात भल्याभल्यांची फसगत होते. लिनक्स या संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या संगणकावर ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रोग्रॅमची बांधणी कुठेही, कशीही अडकू लागली, तेव्हा त्यांनाही आधी नव्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चूक असल्याचा संशय आला होता. शेवटी दोष निघाला तो रॅमच्या एका पट्टीत.

उलट दिशेने जाणाऱ्या खुणाही ओळखायला हव्यात. ‘कर्नेल डेटा इनपेज एरर’ हा संदेश वारंवार येत असेल, तर रॅमच्या आधी हार्ड डिस्क किंवा एसएसडी आणि तिची केबल तपासावी. निळा पडदा न येता संगणक एकदम काळा होऊन सुरू होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि अनेक जण तिलाच कारण समजतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा नोंदवण्याइतकीही सवड मिळालेली नसते. अशा वेळी वीजपुरवठा, यूपीएस आणि एसएमपीएस यांच्याकडे आधी पाहावे.

संशय पक्का करण्यासाठी एक सोपी चाचणी आहे, आणि तिच्यासाठी कॅबिनेट उघडावे लागत नाही. दोन-तीन जीबीची एखादी फाइल घेऊन सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममधून तिचे एसएचए-२५६ मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढावे, ते नोंदवावे, आणि हीच कृती लागोपाठ बऱ्याच वेळा करावी. फाइल बदललेली नसताना मूल्यही बदलता कामा नये. ते एकदा जरी निराळे आले, तरी विंडोज, ड्रायव्हर आणि व्हायरस यांची चर्चा थांबवून हार्डवेअरकडे वळावे. मूल्य दर वेळी तेच आले म्हणून मेमरी निर्दोष ठरते असे मात्र नाही.

आधी बॅकअप, आणि फॉरमॅट तर नकोच

फॉरमॅट हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे, पण मेमरीचा संशय असताना तोच सर्वांत घातक ठरतो. विंडोज बसवताना प्रत्येक फाइल रॅममधून उलगडून डिस्कवर लिहिली जाते. रॅमने वाटेत एखादा बिट, म्हणजे माहितीचा ० किंवा १ हा सर्वांत लहान घटक, उलटवला, तर तीच बिघडलेली फाइल कायमची डिस्कवर जाते. म्हणजे दोष जागचा हलत नाहीच, वर नवी विंडोज जन्मतःच अधू होते. डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्कसारखी साधनेही याच कारणासाठी आत्ता चालवू नयेत.

एका बिटाने काय होते, हे मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांना चटकन पटेल. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘ग’चा २३२७ आहे, द्विमान पद्धतीत लिहिल्यास या दोहोंत अवघ्या एका बिटाचा फरक आहे. तो बिट उलटला, की ‘काडी’ची ‘गाडी’ होते आणि स्पेलचेकरला त्याचा पत्ताही लागत नाही. निळा पडदा निदान ओरडून सांगतो. असा गुपचूप झालेला बदल छापून आल्यावरच कळतो. म्हणून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, परंतु आधीच्या बॅकअपवर त्या लिहू नयेत. नवा फोल्डर करून वेगळ्या ठेवाव्यात.

याच टप्प्यावर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना ‘शटडाउन’ केले, तरी कर्नेलची अवस्था डिस्कवर साठवून दुसऱ्या दिवशी तशीच परत आणली जाते, त्यामुळे कालचा बिघाड आजच्या निरीक्षणात मिसळतो.

चाचणी कोणती आणि किती

विंडोजमधील ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ हे साधन हाताशी असते, म्हणून त्याने सुरुवात करण्यास हरकत नाही. एफ१ दाबून विस्तारित चाचणी निवडावी. त्याने दोष दाखवला तर तो खरा मानावा, पण दाखवला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. खरी तपासणी पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या साधनाने करावी. येथे नावांचा घोळ आहे. ‘मेमटेस्ट८६’ हे पासमार्कचे साधन असून त्याची मोफत आवृत्ती एका वेळी चार फेऱ्यांपर्यंतच चालते, तर ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा वेगळा, मुक्तस्रोत प्रकल्प आहे आणि आपण थांबवेपर्यंत तो चालू राहतो. दोन्ही चांगली आहेत. रात्रभर ठेवायचे असेल तर दुसरे सोयीचे पडते. पेनड्राइव्हवरून सुरू होत नसल्यास बायोसमधील सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सुरक्षा, तात्पुरते बंद करावे लागू शकते. मात्र डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप, असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी, नाहीतर मेमरी बाजूला राहील आणि कुलूप उघडण्यातच दिवस जाईल.

निकालाबाबत कोणतीही सवलत देऊ नये. ‘रात्रभरात एकच चूक आली, म्हणजे चालण्यासारखे आहे’ हे मत मी अनुभवी तंत्रज्ञांकडूनही ऐकले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. निर्दोष मेमरीत, योग्य वेगावर, चुकांची संख्या शून्यच असायला हवी. अपवाद एकच. मेमटेस्ट८६ मधील तेराव्या क्रमांकाची ‘हॅमर’ चाचणी मेमरीच्या एकाच ओळीवर वारंवार आघात करून शेजारच्या ओळीतील बिट उलटतात का हे पाहते. केवळ त्याच चाचणीत चुका आल्या, तर तो त्या चिपच्या घडणीचा कमकुवतपणा असू शकतो आणि रोजच्या वापरात त्याचा त्रास होईलच असे नाही.

अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे बिट उलटतात, ही गोष्ट खरी असली तरी ती आपल्या तक्रारीचे कारण असण्याची शक्यता फार थोडी आहे. गूगलच्या सर्व्हरवरील मेमरीचा टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांसह केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि त्या प्रामुख्याने योगायोगाने घडलेल्या नसून त्याच त्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या होत्या. ते सर्व्हर चुका पकडणारी ईसीसी मेमरी वापरत होते, म्हणून त्या मोजता तरी आल्या. आपल्या टेबलावरच्या संगणकात ती सोय सहसा नसते. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ असते खरी, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका ती पकडत नाही.

चारही पट्ट्या चांगल्या, तरीही संगणक आजारी

नारायण पेठेतील एका डीटीपी कार्यालयात दिवाळी अंकांच्या हंगामात नेमकी हीच तक्रार होती. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांवर नीट चालणाऱ्या यंत्रात, मोठ्या पीडीएफसाठी, तशाच आणखी दोन पट्ट्या नंतर घालण्यात आल्या होत्या. चारही डीडीआर४, चारही ३२०० वेगाच्या. लेबलावर पाहता कुठेही विसंगती नव्हती. विंडोज नव्याने टाकून झाली होती, एसएमपीएसही बदलला होता, तरी अंकाची पाने निर्यात करताना संगणक कोसळतच होता.

एकेक पट्टी एकटीच घालून मेमटेस्ट चालवल्यावर प्रत्येक पट्टी निर्दोष ठरली. जुनी जोडी उत्तीर्ण झाली, नवी जोडीही झाली. चारही एकत्र घातल्यावर मात्र पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. अशा ओळीत अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष वाचलेले मूल्य शेजारी शेजारी छापलेले असतात. ते एक-एक अंक ताडून पाहिले, तर प्रत्येक ओळीत फक्त एका बिटाचा फरक होता, पण पत्ते सगळ्या मेमरीभर विखुरलेले होते. एखादी चिप खरोखर बिघडते तेव्हा चुका बहुधा ठरावीक पत्त्यांभोवती किंवा त्याच त्या बिटावर घुटमळतात; येथे तसे काहीच नव्हते. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे पट्टीला लेबलावरच्या वाढीव वेगाने चालवणारे प्रोफाइल, बंद केल्यावर मेमरी २१३३ वर आली आणि चुका थांबल्या. मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. २६६६ वर रात्रभर एकही चूक आली नाही, आणि २९३३ वर त्या पुन्हा दिसू लागल्या. यंत्र २६६६ वर ठेवले आणि तक्रार संपली. वेग कमी झाल्याचे काम करणाऱ्या मंडळींच्या लक्षातही आले नाही.

कारण असे, की लेबलावर छापलेला वेग पुष्कळदा निर्मात्याने ठराविक परिस्थितीत जमवलेला असतो. संगणकाला तो झेपेलच अशी हमी त्यात नसते. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, तर एक्सएमपीच्या पट्ट्या बहुतेक वेळा १.३५ व्होल्टवर चालवल्या जातात. शिवाय एका वाहिनीवर, म्हणजे प्रोसेसर आणि पट्ट्या यांना जोडणाऱ्या एका मार्गावर, एकाऐवजी दोन पट्ट्या आल्या, की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवरचा विद्युत भार वाढतो आणि संकेतांची स्वच्छता घटते. डीडीआर५ मध्ये तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांसाठी ५२०० आहे, आणि चार पट्ट्यांसाठी अवघा ३६००. त्यामुळे ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन पट्ट्यांचा एकाच खोक्यातला संच घ्यावा. १६ च्या दोन आज आणि दोन पुढच्या वर्षी हा हिशेब पैशाला परवडतो, यंत्राला परवडेलच असे नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा, की पट्टीवर संशय घेण्याआधी एक्सएमपी किंवा एएमडीच्या यंत्रांवर एक्स्पो बंद करावे आणि काही दिवस काम करून पाहावे. दोष गेला, तर बायोसची नवी आवृत्ती टाकून प्रोफाइल पुन्हा चालू करून पाहता येते, कारण मेमरीच्या सुसंगततेतील सुधारणा अनेकदा बायोसमधूनच येतात. डीडीआर५ च्या यंत्रांत असा बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो; मेमरीचे प्रशिक्षण, म्हणजे पट्ट्यांशी वेग व वेळ जुळवून घेणे, चालू असते, तेव्हा घाबरून बटण दाबू नये.

चूक पट्टीबरोबर जाते की स्लॉटबरोबर राहते

प्रमाणित वेगावरही चुका येत असतील, तर पट्टी आणि स्लॉट यांची अदलाबदल करावी. वीज बंद करून, मुख्य प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच पट्टी काढावी. दोनच पट्ट्या असतील, तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये असाव्या लागतात. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी घातलेल्या पट्ट्या मला अजूनही सापडतात. एकच पट्टी दोन वेगवेगळ्या स्लॉटमध्ये तपासावी आणि मग दुसरी पट्टी त्याच दोन स्लॉटमध्ये. चूक पट्टीच्या मागे मागे गेली, तर पट्टी दोषी. कोणतीही पट्टी घातली तरी चूक त्याच स्लॉटला चिकटून राहिली, तर पट्टीला बोल लावू नये.

स्लॉटची बाजू दोषी ठरल्यावर धूळ आणि संपर्क हे साधे कारण आधी पाहावे. पुण्यात बांधकामांची धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा एकत्र येतात, आणि पट्टीच्या सोनेरी कडेवर त्यांचा पातळ थर बसतो. येथील तंत्रज्ञांचा खोडरबरावर मोठा विश्वास आहे. त्याने काम होते, हे नाकारता येत नाही, पण मुलामा घासला जातो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडून नवेच दुखणे निर्माण होते. तपकीर गल्लीत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचे कापड अधिक चांगले. पट्टी काढून घातल्यावर काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग दोष परततो, असे दोन वेळा घडले तर मात्र संपर्क स्वच्छ करणे हा उपाय संपला असे समजावे.

त्यापुढचे कारण फारसे कोणी पाहत नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असल्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटमधील एखादी पिन वाकलेली असली, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले असले, तरी मेमरीची एक संपूर्ण वाहिनी अस्थिर होते किंवा दिसेनाशी होते. कूलर काढून, नवी थर्मल पेस्ट लावून, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत बसवल्यावर ‘खराब’ स्लॉट बरा झाल्याचे मी पाहिले आहे. नवा मदरबोर्ड घेण्याआधी हा अर्धा तास जरूर खर्च करावा.

वीज, अर्थिंग आणि एप्रिल-मे

जुन्या वाड्यांत आणि त्यांच्या जागी घाईने उभ्या राहिलेल्या इमारतींत अर्थिंगचा प्रश्न आहेच. कॅबिनेटला बोट लागले की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणाऱ्या अल्पशा प्रवाहाला जमिनीत जायला वाट उरलेली नसते. हे काम संगणकवाल्याचे नाही, वायरमनचे आहे. दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर चालणाऱ्या यंत्रात रॅमचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

वीज जाताच, म्हणजे यूपीएस बॅटरीवर जाताना, संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर तो मेमरीचा दोष नव्हे. काही स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीज अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज कार्यक्षमतेने खेचणारी रचना) असलेल्या एसएमपीएसला मानवत नाही, किंवा बॅटरीच संपत आलेली असते. अशी वेळ आणि महावितरणने कळवलेली वीज बंद राहण्याची वेळ ताडून पाहिली, तर उलगडा लवकर होतो.

उन्हाळ्याबाबत थोडे तारतम्य हवे. मेमरीतील प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभार असतो. तो सतत गळतो, म्हणून डीडीआर४ च्या प्रमाणानुसार ६४ मिलिसेकंदांच्या आत त्याची उजळणी करावी लागते, आणि पट्टीचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ती दुप्पट वेगाने करावी लागते. खोलीचे तापमान ४० अंशांवर गेले, तरी प्रमाणित वेगावरची मेमरी त्या मर्यादेजवळ सहसा पोहोचत नाही. वाढीव वेग व व्होल्टेजवर चालणाऱ्या मेमरीत मात्र चुका त्याच्या बऱ्याच आधी सुरू होऊ शकतात. दुपारी तीनला कोसळणारा संगणक रात्री मेमटेस्टमध्ये निर्दोष ठरतो, तो यामुळेच. अशा यंत्राची चाचणी दुपारीच घ्यावी, आणि विंडोजमध्ये ओसीसीटी किंवा प्राइम९५ ची ‘ब्लेंड’ ही यंत्रावर मोठा ताण देणारी चाचणीही चालवावी, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता हिशेबात येईल.

मेमरीसारखा दिसणारा प्रोसेसरचा दोष

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर ही शक्यता आधीच तपासावी. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्यामुळे तो कालांतराने कमकुवत होतो, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले. त्या वर्षी ऑगस्टपासून बायोसमधून सुधारित मायक्रोकोड दिला गेला आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. अशा यंत्रांत गेम सुरू करताना व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचे संदेश येतात, फाइली उलगडताना चुका येतात, आणि ग्राहक नवी रॅम घेऊन बसतो. सुधारित बायोस पुढील हानी टाळतो, पण झालेली हानी भरून काढत नाही. त्यानंतरही त्रास राहिला तर प्रोसेसर हमीत बदलून घ्यावा.

पट्टीच दोषी निघाली तर

अनेक निर्माते रॅमवर मर्यादित आजीवन हमी देतात, तेव्हा बिल आणि पट्टीवरचे लेबल जपावे. लेबल फाटले की हमी गेली. संच घेतला असेल, तर एक पट्टी खराब असली तरी बहुधा पूर्ण संच परत मागितला जातो, म्हणून तेवढ्या दिवसांपुरती दुसरी सोय करून ठेवावी. मेमटेस्टच्या लाल ओळींचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र दुकानदाराशी होणारा वाद बराच आटोपशीर करते. लिनक्सवर बिघडलेले पत्ते वगळून काम चालवता येते. हमी संपलेल्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, तो उपाय करण्यासारखा आहे. हिशेब किंवा छपाईच्या यंत्रावर तो करू नये.

नवी मेमरी रात्रभराच्या चाचणीत निर्दोष ठरल्यावर मगच डिस्कची तपासणी करावी, विंडोजच्या मूळ फाइली सिस्टम फाइल चेकरने पडताळाव्यात, आणि शंका उरली तर विंडोज नव्याने टाकावी; फॉरमॅटची खरी वेळ ही आहे. दोष सुरू झाल्यापासून ज्या फाइली सेव्ह झाल्या, त्यांची तारखेनुसार यादी काढावी आणि त्यांतील महत्त्वाच्या फाइली जुन्या बॅकअपशी ताडून पाहाव्यात. मजकुराच्या बाबतीत मूळ हस्तलिखित किंवा आधीचे प्रूफ हाताशी असेल, तर पुन्हा एकदा वाचन करून घ्यावे. हे पूर्ण होईपर्यंत दोष सुरू होण्याआधीचा बॅकअप पुसू नये, आणि तो ठेवलेली डिस्क रोजच्या कामासाठी संगणकाला जोडूही नये.